तू मैदानात काय बघितलंस?

ऑफिसात डबा खाताना वाद झाला, त्यातून ही वारी निघाली. आयुष्यात पाहिलेला सगळ्यात भारी गोल कोणता, यावर पाचजण भांडत होते. माराडोना आला, मेस्सी आला, झिदान आला. मी सहज विचारलं, "यातला मैदानात बसून कोणी बघितलाय?" सगळे डब्यात बघायला लागले. पाचही गोल मोबाइलवर बघितलेले, त्यातला एक तर बघणाऱ्याच्या जन्माच्या आधीचा.

जानेवारीत चार दिवस सुट्टी होती. साताऱ्यात आत्या, सांगलीत मामा. म्हटलं, नातेवाइकांकडे जायचंच आहे तर एक वही घेऊन जाऊ आणि भेटेल त्याला एकच प्रश्न विचारू : मैदानात बसून, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला एक क्षण सांगा. फुटबॉलचाच. ही अट घालताना मला कळत होतं की सातारा-सांगली म्हणजे कुस्ती आणि कबड्डीचा मुलूख. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर इकडे, हिंदकेसरी मारुती मानेंचं कवठेपिरान तिकडे. फुटबॉल बघायचा तर माणूस कोल्हापूरला जातो. पण या भागातली माणसं पोटासाठी देशभर गेलेली आहेत, आणि जिथे गेली तिथली मैदानं बघून आलेली आहेत.

गुरुवार. पुणे ते सातारा

स्वारगेटहून सकाळची एसटी. खंबाटकीत ट्रकांची रांग. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगत होती आणि शेजारचे काका मांडीवर डोकं पडेपर्यंत झोपले होते. त्यांना प्रश्न विचारायचा राहिला.

आत्याचं घर राजवाड्याच्या मागे, चढावर. तिची मुलगी, म्हणजे आमची ताई, एका शाळेत पी.टी. शिकवते. ताईला मी जेवतानाच विचारलं. ती म्हणाली, "माझा क्षण नको, माझ्या पोरींचा सांगते."

ऑक्टोबर 2022. सतरा वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप भारतात झाला, आणि 30 तारखेची फायनल नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होती. स्पेन आणि कोलंबिया. ताईने पालकांच्या सह्या घेतल्या, एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला आणि अकरा पोरी घेऊन निघाली. भारताच्या मुली केव्हाच बाहेर पडल्या होत्या, तिन्ही सामने हरून. त्यामुळे पोरींनी रस्त्यातच वाटणी करून घेतली. सहाजणी कोलंबियाच्या, पाचजणी स्पेनच्या. कोलंबियाकडे लिंडा कैसेदो होती आणि तिचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले होते.

"ब्याऐंशी मिनिटं गोलच नाही," ताई म्हणाली. "पोरी कंटाळल्या, दोघी वेफर्स आणायला गेल्या. आणि मग तो गोल झाला. स्पेनच्या मुलीने नाही मारला. कोलंबियाच्याच एका मुलीला लागून आत गेला. आना गुस्मान तिचं नाव. मला नाव नंतर कळलं."

सामना तिथेच संपला, 1-0. टीव्हीवर, ताई म्हणाली, स्पेनच्या मुली नाचताना दाखवल्या असतील. पण आमच्या अकराही पोरी त्या एका मुलीकडे बघत होत्या. ती गोलात पडलेल्या बॉलकडे बघत उभी होती. उचलत नव्हती.

"आमच्यातली एक बॅकला खेळते. ती एकदम म्हणाली, मॅडम, तिने पाय घातला नसता तरी बॉल आत गेला असता का? मी म्हटलं, माहीत नाही गं. ती म्हणाली, मी असते तर मी पण घातला असता. सगळा परतीचा प्रवास ती एवढंच बोलत होती. पनवेलला बोलली, खोपोलीला बोलली. साताऱ्यात उतरताना म्हणाली, घातलाच पाहिजे होता."

ती मुलगी अजून बॅकलाच खेळते. आत्याने मध्येच विचारलं की मग ट्रॉफी कुणाला मिळाली, आणि ताईला क्षणभर आठवेना.

संध्याकाळी मोती चौकात कंदी पेढे घेतले. मामासाठी अर्धा किलो, आणि वाटेत खायला पाव किलो, जे चार भिंतीच्या टेकडीवर पोचेपर्यंत संपले.

शुक्रवार. अपशिंगे, मग कराडच्या वाटेवर

आतेभावाच्या गाडीवर बसून सकाळी अपशिंग्याला गेलो. 'मिलिटरी अपशिंगे' असंच म्हणतात, कारण घरटी एक तरी माणूस फौजेत. आतेभावाने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे सत्तरीच्या आसपासचे एक माजी हवालदार ओसरीवर आमची वाट बघत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांना सगळे बापू म्हणतात. मीही बापूच म्हणालो.

बापूंनी चहा येईपर्यंत एक शब्द काढला नाही. चहा आला, बशीत ओतला, आणि मग म्हणाले, "पेले बघितलाय मी."

मी वही उघडली.

"सत्त्याहत्तर साल. पोस्टिंग कलकत्त्याला, फोर्ट विल्यमला. तिथनं ईडन गार्डन चालत. म्हंजी क्रिकेटचं मैदान, पण त्या दिवशी फुटबॉल. पेलेची अमेरिकेची टीम आलेली, आणि समोर कलकत्त्याचा मोहन बागान क्लब."

टीमचं नाव कॉसमॉस. तारीख 24 सप्टेंबर 1977. पेले तेव्हा छत्तीस वर्षांचा होता, आणि बरोबर एका आठवड्याने, 1 ऑक्टोबरला, न्यू जर्सीत तो निरोपाचा सामना खेळणार होता. तारखा मी नंतर जुळवल्या. बापूंना तारखेत रस नव्हता, त्यांना चिखल आठवत होता. "पाऊस इतका झालेला की मैदान म्हंजी भाताचं खाचर. आमच्यातले निम्मे म्हणत होते, पेले उतरायचाच न्हाई. त्याचा पाय म्हंजी सोन्याचा, कोण चिखलात घालंल?"

उतरला. आणि बापूंच्या मते त्याने काहीच केलं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला, जसं काही पेले शेजारच्या घरात बसलाय. "खरं सांगतो, आमी पैसे दिलेले पेले बघायला, आणि बघत बसलो त्या गौतम सरकारला. बंगाली पोरगं. पेले जाईल तिथं हा. पेले पाणी प्यायला गेला असता तरी ह्यो मागं गेला असता."

सामना 2-2 सुटला. कॉसमॉसकडून कार्लोस अल्बर्तोचा गोल पहिला, लगेच श्याम थापाने फेडला, मग हबीबने बागानला पुढे नेलं आणि शेवटी किनालियाच्या पेनल्टीवर बरोबरी. त्या पेनल्टीवर कलकत्त्यात अजून वाद घालतात. पण बापूंचा क्षण यातला एकही गोल नाही.

"पेलेला फ्री किक मिळाली. सगळं मैदान गप. लाखभर माणूस आसंल. आमच्या पुढं एक म्हातारा बाबा बसलेला, धोतरातला, बागानचा कट्टर. त्यानं डोळे मिटले आणि हात जोडले. मला वाटलं देवाला म्हणतोय, गोल होऊ देऊ नको. पेलेनं मारली, आणि गोलकीनं, शिवाजी बॅनर्जीनं, आडवी झेप घेऊन अडवली. आता सगळं मैदान उड्या मारतंय. म्हातारा रडतोय. मी इचारलं, बाबूजी, आता का रडता, वाचला की गोल! तर म्हणतो कसा, मी मागत होतो की होऊ दे. एकदा होऊ दे."

ओसरीवर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग बापूंच्या सूनबाई आतून म्हणाल्या, "ही गोष्ट मागच्या बारीला सांगितली तवा म्हातारा हसत होता."

बापूंनी बशी खाली ठेवली. "हसत बी होता," ते म्हणाले.

मी दोन्ही लिहून घेतलं.

परतताना साताऱ्यात सैनिक स्कूलच्या कंपाउंडवरून मुलं खेळताना दिसली. देशातलं हे पहिलं सैनिक स्कूल, 1961 सालचं. गाडी थांबवायला सांगितली, पण आतेभावाला क्लास होता. दुपारी कराडची एसटी पकडली.

कराडला उतरायचं कारण नव्हतं, प्रीतिसंगमावर पाय बुडवायचे एवढंच. कृष्णा-कोयनेच्या संगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीशेजारच्या कट्ट्यावर एक मुलगा बसला होता, पाठीवर मुंबई सिटी फुटबॉल क्लबची निळी जर्सी. अशी माणसं देव पाठवतो.

तो घणसोलीला मावशीकडे राहून शिकलेला. त्याचा क्षण तयारच होता. 25 ऑक्टोबर 2017, मुलांच्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपची सेमीफायनल, डी. वाय. पाटील. स्पेन विरुद्ध माली. हाफटाइमला स्पेन 2-0 पुढे, दोन्ही आबेल रुईझचे. पण माली सोडत नव्हती. साठाव्या मिनिटाच्या आसपास मालीच्या शेख डुकूरेने लांबून एक असला मारला की बॉल वरच्या दांड्याच्या आतल्या बाजूला लागून खाली आपटला आणि बाहेर आला.

"मी गोलच्या मागच्या स्टँडला होतो. डाव्या बाजूला. आम्ही सगळे उठलो. गोल! माझ्या पुढच्याने पाण्याची बाटली उडवली. आणि खेळ सुरूच. रेफरीने दिलाच नाही. लाइनमनने पण नाही. आम्ही ओरडतोय, आणि मैदानातले बावीसजण बॉलमागे पळतायत. असं वाटलं की आम्ही वेगळीच मॅच बघतोय."

"मग तुम्हाला नक्की दिसलं का, आत गेला ते?"

"नाही ना." तो हसला. "दिसलं कुठं. तिथनं काय दिसणार? आवाज ऐकला. दांड्याचा आवाज आणि मग खाली आपटल्याचा. दोन आवाज. मग सगळ्यांनी मोबाइल काढले आणि क्लिप बघितली, आत होता, चांगला आत. पण तोपर्यंत स्पेनने तिसरा मारला होता."

तिसरा फेरान तोरेसचा. मालीने एक फेडला, 3-1. नंतर डुकूरे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये, क्रिस्टल पॅलेस क्लबात गेला आणि या पोराने तेव्हापासून त्या क्लबला आपलं मानलं आहे. कराडमध्ये क्रिस्टल पॅलेसचा हा एकटाच असणार.

मला विचारलं, तुमचा कोणता. मग मी अंधेरीचा सांगितला. जून 2018. एक तारखेला भारताने तैवानला 5-0 हरवलं, कर्णधार छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला माणसं 2,569. छेत्रीने व्हिडिओ काढून हात जोडले, शिव्या द्यायला तरी या म्हणाला. 4 तारखेला केनियाशी सामना, त्याचा शंभरावा, आणि तिकीट मिळेना. पाऊस असा की बॉल डबक्यात रुतून बसत होता, लाथ मारली की पाणीच उडायचं. पहिला गोल पेनल्टीचा. तो मला दिसलाच नाही, पुढच्याच्या रेनकोटची टोपी मध्ये. दुसरा जेजेचा. आणि अगदी शेवटी, इंज्युरी टाइममध्ये, छेत्री गोलकीसमोर एकटा आला आणि त्याने बॉल अलगद वर उचलला. फ्लडलाइटच्या उजेडात पावसाची रेघ न् रेघ दिसत होती. त्यातून बॉल सावकाश खाली आला. नंतर मी ती क्लिप बऱ्याचदा बघितली. क्लिपमध्ये तो फार भरकन खाली येतो. काहीतरी गडबड आहे त्या क्लिपमध्ये.

पोरगा म्हणाला, "कॅमेऱ्याला पाऊस लागत नाही ना."

त्याच्याशी बोलता बोलता शेवटची थेट गाडी गेली. इस्लामपूरपर्यंत वडाप, तिथून आष्ट्यावरून सांगली. जीपमध्ये पुढे चौघं, मागे किती ते मोजायचं नसतं. सांगलीवाडी ओलांडून आयर्विन पुलाजवळ आलो तेव्हा साडेनऊ झाले होते. कृष्णा अगदी तळाशी, गरीब दिसत होती. 2019 साली हिचंच पाणी इथे साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं, हे जानेवारीत कुणाला सांगून पटणार नाही.

शनिवार. सांगली, दुपारी मिरज

मामा एका राष्ट्रीयीकृत बँकेत होते. नव्वदच्या दशकात बदली कलकत्त्याला झाली तेव्हा घरात रडारड झाली होती, हे मला आईकडून माहीत. मामींनी जाताना भडंगाचा पाच किलोचा डबा नेला होता. मामा परत आले ते ईस्ट बंगालचे, म्हणजे बागानच्या वैरी क्लबचे, होऊन. गावभागातल्या वाड्यात, गणपतीच्या तसबिरीखाली, लाल-पिवळा मफलर अजून खुंटीला आहे. सांगलीत ते रंग हळदी-कुंकवाचे वाटतात, कुणी काही विचारत नाही.

मामांचा क्षण मला लहानपणापासून पाठ आहे. पण वहीत घ्यायचा तर पुन्हा विचारायला हवं.

13 जुलै 1997. फेडरेशन कपची सेमीफायनल, सॉल्ट लेक स्टेडियम. बागानचे कोच अमल दत्त, त्यांची ती 'डायमंड' रचना, जिने आधीच्या सामन्यांत समोरच्यांना धुऊन काढलं होतं. ईस्ट बंगालकडे पी. के. बॅनर्जी. हे पी. के. म्हणजे 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला सोनं मिळालं, त्या फायनलमध्ये गोल मारणारे. ("आपले मारुती माने पण त्याच जाकार्ताला पदक घेऊन आले होते," मामा दरवेळी इथे थांबून सांगतात. सांगलीचा माणूस कलकत्त्याची गोष्ट कवठेपिरानला वळसा घातल्याशिवाय सांगूच शकत नाही.) सामन्याच्या आधी दत्तबाबूंनी पेपरांतून ईस्ट बंगालच्या पोरांची टर उडवली. भाईचुंगला 'चुंग चुंग' म्हणाले, ओमोलोला 'ऑम्लेट'. पी. के. काही बोलले नाहीत.

प्रेक्षक 1,31,781. सांगली-मिरज-कुपवाडची 2011 ची लोकसंख्या पाच लाखांच्या घरात होती. म्हणजे आख्ख्या महापालिकेतला दर चौथा माणूस उचलून एका मैदानात बसवायचा.

"आणि भाईचुंगने चार मारले," मामा म्हणाले.

मी मोबाइल बघितला. बघायला नको होता. "मामा, तीन मारले. पहिला नझीमुल हकचा आहे. आणि बागानकडून चिमाने एक. 4-1."

मामांनी चष्मा काढून पुसला. "तू होतास का तिथे?"

"नाही."

"मग? पहिला कुणी मारला ते मला काय दिसणार, मी जिन्यात होतो. आत शिरायलाच मिळत नव्हतं. आवाज झाला, शेजारच्याने माझा मुका घेतला, मी विचारलं कोण, तो म्हणाला भाईचुंग. आता मुका घेणाऱ्या माणसाशी कोण वाद घालतो?"

त्यांचा खरा क्षण हॅटट्रिकही नाही. भाईचुंगचा तिसरा गोल झाल्यावर त्यांनी समोरच्या, बागानच्या स्टँडकडे बघितलं. ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "तिथला गोंधळ एकदम थांबला. मग एक ज्योत दिसली. कुणीतरी पेपरची सुरळी करून पेटवली. मग दुसरी. मग आख्ख्या स्टँडभर. मला वाटलं आता आग लावणार. शेजारचा म्हणाला, घाबरू नका दादा, दत्तबाबूंची मुलाखत जाळतायत."

हे खरं की मामांची भर, देव जाणे. पण इतकी वर्षं हे कसं सांगितलं नाही म्हटल्यावर म्हणाले, "तुम्ही पोरं नेहमी गोलच विचारायचात."

फायनल पुढे ईस्ट बंगाल हरलं. कप साळगावकरने गोव्याला नेला. मामा या वाक्याला उठून आत जातात, यावेळीही गेले.

मग मामी बोलल्या. त्या स्टेडियमात कधीच गेल्या नाहीत, बायकांना जागा कुठे असायची तेव्हा. पण बेलेघाट्याला राहायचे, स्टेडियम तिथून जवळच. "मी गॅलरीत वाळवणं राखत बसले होते. पाच आवाज झाले. चार एका जातीचे, एक वेगळा. वेगळा म्हणजे, अपुरा. जसा कुकरची शिट्टी अर्धी होऊन राहते. मी तेव्हाच ओळखलं, हे आज नाचत येणार. कांदा चिरायला घेतला."

वहीत मी मामींचं पान मामांच्या आधी लावलंय.

दुपारी मिरजेला. आठ-दहा किलोमीटर, पण मिरजकर सांगलीला 'जाऊन येतो' असं म्हणतात जणू परगाव. सतारमेकरांच्या गल्लीत मामांच्या ओळखीचं एक दुकान आहे. भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास. तिथला तिशीतला कारागीर सतारीची जवारी काढत बसला होता. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, परत कानस. मला वाटलं इथे फुटबॉल कुठला. मामा म्हणाले, विचार तर.

तो 4 जुलै 2023 ला बेंगळुरूत होता. एका गिऱ्हाइकाकडे तानपुरा पोचवायला गेलेला, आणि त्यानेच तिकीट दिलं. सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धेची फायनल, कांतीरवा स्टेडियम, भारत आणि कुवेत. कुवेतचा गोल आधी, मग छांगतेने फेडला. 1-1, जादा वेळेतही तेवढंच, आणि मग पेनल्ट्या.

"मॅचचं मला फार कळत नाही. मी ऐकत होतो," तो म्हणाला, हात न थांबवता. "एवढी माणसं एकदम गायला लागली मध्येच. तुम्हाला सांगतो, सुरात होती. हजारोंच्या गर्दीत सूर लागत नाही, मागचे मागे राहतात, लांबचे लांब राहतात. तिथे लागला. माझ्या हातावर काटा आला. षड्ज सापडला म्हटलं लोकांना."

आणि पेनल्ट्या?

"पाच पाच झाल्या तरी बरोबरी. मग आपल्या महेशने मारली. मग त्यांचा तो आला, हाजिया. आता सगळे गप. पण पूर्ण गप नाही. एक 'हूं' असतं बघा, तार छेडून बराच वेळ झाल्यावर राहतं तसं. गुरप्रीतने अडवली, आणि ते 'हूं' फुटलं." त्याने तार छेडली, मान हलवली, परत कानस घेतली. "गुरप्रीत कुठल्या बाजूला पडला ते विचारू नका. मी डोळे मिटलेले."

कलकत्त्यातला तो धोतरवाला आणि मिरजेचा हा. तिकीट काढून मैदानात जायचं आणि नेमक्या वेळी डोळे मिटायचे, ही जमात मोठी असावी.

रविवार. सांगली

परतीची गाडी दुपारची. सकाळ मोकळी होती आणि शिवाजी स्टेडियमवर पोरांचे सामने आहेत असं पेपर टाकणाऱ्याने सांगितलं. कसली स्पर्धा, कुणी भरवली, कळलं नाही. मंडप नव्हता, पाहुणे नव्हते, ही मला चांगली खूण वाटली. निळे विरुद्ध पिवळे. पंधरा-सोळा वर्षांची पोरं, दोघातिघांच्या पायात मोज्यांवर चपला बसवल्यासारखे बूट. बघायला दीडेकशे माणूस, त्यात निम्मे पुढच्या सामन्याचे खेळाडू.

माझ्या एका बाजूला कोल्हापूरला जाऊन येणारा एक तज्ज्ञ. पाटाकडील काय, शिवाजी तरुण मंडळ काय, दिलबहार काय, सगळ्यांचे सामने शाहू स्टेडियमवर बघितलेले. इथल्या प्रत्येक पासला तो "तिकडं असं चालत न्हाई" म्हणत होता. दुसऱ्या बाजूला शाळकरी पोरगं. पुढे भडंगवाला, टोपलीला पाठ लावून, सामना बघत.

पिवळ्यांचा सात नंबर मला सुरुवातीलाच आवडला. बारका, खांदे पडलेले, बॉल नसताना चालल्यासारखा. पण बॉल यायच्या आधी तो दोनदा मागे बघून घ्यायचा. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. टीव्हीवर हे कधी दिसत नाही, कारण कॅमेरा तेव्हा बॉलबरोबर भलतीकडे असतो. मी ठरवलं, आपण या पोरावरच डोळा ठेवायचा. वीस मिनिटं ठेवला. त्याने एकदा नुसता पाय उचलून बॉल खालून जाऊ दिला, मागच्याला मोकळा मिळाला, आणि निळ्यांचे दोन बॅक एकमेकांवर आपटले. गोल झाला नाही, बाहेर गेला. तज्ज्ञसुद्धा गप्प बसला.

हे लिहून ठेवायला हवं म्हणून मी वही उघडली. 'सात नंबर, पाय उचलला' एवढं लिहिलं. पेन अडलं, झटकलं. 'मागे दोनदा बघतो' लिहिलं.

आणि सगळं स्टेडियम उठलं.

मी वर बघितलं तेव्हा बॉल जाळ्यात होता आणि सात नंबर पिवळ्यांच्या ढिगाखाली. निळ्यांचा गोलकी कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघत होता. तज्ज्ञ उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि "तिकडं" वगैरे काही म्हणत नव्हता.

"काय झालं?" मी शाळकरी पोराला विचारलं.

त्याने माझ्याकडे, मग वहीकडे बघितलं. "तुमी बघितलंच न्हाई?"

"लिहीत होतो."

"आयला." त्याला माझी खरोखर कीव आली. "कॉर्नरवरनं बॉल आला. त्याच्या मागं पडला. तर त्यानं वळलाच न्हाई, टाचेनं मारला. टाचेनं! गोलकी हितं, बॉल तितं."

"टाच कुठली," तज्ज्ञ म्हणाला, "बॅकच्या पायाला लागून गेला. सात नंबरचा पाय लागलाच नाही."

"लागला की! मी बघितलाय."

"गुडघा व्हता," भडंगवाला वळून न बघता म्हणाला.

पोरगं इरेला पेटलं. माझ्या हातातल्या वहीवर त्याने बोट ठेवलं, जिथे पेनाची शाई सांडली होती त्याच्या जरा खाली.

"हितं लिवा. टाच."